फिरतं घर मांडण्याआधी: वीज, पाणी आणि मुक्कामाचा हिशोब

गाडीत गादी टाकायची, छतावर सोलर लावायचं आणि वाट फुटेल तिकडे निघायचं, हा विषय आता पुण्या-मुंबईतल्या बऱ्याच घरांत निघतो. कुणाला निवृत्तीनंतर भारत बघायचा असतो, कुणाची नोकरी लॅपटॉपवर चालते, कुणाला फक्त शनिवार-रविवार शहराबाहेर झोपायचं असतं. पहिला प्रश्न मात्र सगळ्यांचा एकच: "गाडी कोणती घेऊ?" माझ्या मते हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारायचा. दिवसाला वीज किती लागते, पाणी किती लागतं आणि रात्री गाडी उभी कुठे करणार, याची उत्तरं आधी कागदावर यायला हवीत. ती आली की गाडी ठरायला वेळ लागत नाही, आणि पुष्कळांना तर कळतं की दारात उभी आहे तीच गाडी पुरेशी आहे.

आधी वीज, कारण गोंधळ तिथेच जास्त

घरच्या वीजबिलावर जे 'युनिट' असतं ते म्हणजे १००० वॅट-अवर. १०० वॅटचा दिवा १० तास जळला की एक युनिट. घरात दिवसाला पाच-सात युनिट सहज जातात आणि आपल्या ते लक्षातही येत नाही. गाडीत राहायचं तर अर्ध्या युनिटात दिवस काढता येतो का, हे बघायचं.

एक दिवस मांडून बघू. माणसं दोन. आजच्या फोनची बॅटरी साधारण ५००० एमएएच असते, म्हणजे वीस वॅट-अवरच्या आसपास. दोन फोन म्हणजे ४०. लॅपटॉप एकदा पूर्ण भरायला ५० ते ६०. कामाच्या दिवशी दोनदा भरावा लागेल, म्हणून १२० धरा. पाच वॅटचे दोन एलईडी दिवे चार तास लावले तर ४०. १२ व्होल्टवर चालणारा २० वॅटचा छोटा पंखा रात्रभर, म्हणजे आठ तास, लावला तर १६०. कॅमेरा, टॉर्च वगैरे किरकोळ गोष्टींचे २०. बेरीज झाली ३८०. भरताना आणि वापरताना काही वीज वाया जातेच, म्हणून ४५० धरून चाला. अर्ध्या युनिटाच्या आत दोन माणसांचा दिवस निघाला.

आता यात फ्रिज घाला. १२ व्होल्टचा कंप्रेसरवाला छोटा फ्रिज आपल्या उन्हाळ्यात दिवसाला ३०० ते ५०० वॅट-अवर घेतो. एका फ्रिजने हिशोब दुप्पट झाला. इंडक्शनवर वीस मिनिटं स्वयंपाक केला की ४०० गेले. आणि एसी? एका टनाचा एसी रात्रभर चालवायचा तर पाच-सहा युनिट लागतात. एवढी वीज साठवणारी बॅटरी आणि ती दिवसात भरणारं सोलर साध्या गाडीच्या छतावर मावतच नाही. बॅटरी किती लागेल हे लाईट, फोन आणि लॅपटॉपवरून ठरत नाही. उष्णता निर्माण करणाऱ्या किंवा घालवणाऱ्या उपकरणांवरून ठरतं. स्वयंपाक गॅसवर केला आणि एसीचा नाद सोडला की बाकी सगळं सोपं आहे.

बॅटरीवर 'अँपिअर-अवर' लिहिलेलं असतं. त्याला व्होल्टने गुणलं की वॅट-अवर मिळतात. घरच्या इन्व्हर्टरला असते तशी ॲसिडची बॅटरी १२ व्होल्ट, १०० अँपिअर-अवरची घेतली तर कागदावर १२०० वॅट-अवर होतात. पण ती वारंवार अर्ध्याखाली उतरवली तर लवकर मरते. म्हणजे हातात खरे ६०० येतात. वजन २५-३० किलो. शिवाय भरताना तिच्यातून हायड्रोजन वायू सुटतो, त्यामुळे माणसं झोपतात त्या बंद जागेत ती ठेवायची नाही. लिथियम आयर्न फॉस्फेटची तेवढीच बॅटरी १२८० वॅट-अवर देते, त्यातले ८०-९० टक्के निर्धास्त वापरता येतात, आणि वजन बारा किलोच्या आसपास. महाग आहे, पण हजारो वेळा भरता येते. फिरत्या वापरासाठी माझं मत स्पष्टपणे तिच्याच बाजूने आहे. वर मांडलेल्या दोन माणसांच्या हिशोबात ती सूर्य न दिसताही दोन दिवस आरामात काढते.

एकच पथ्य: शून्य अंशाखाली ही बॅटरी भरायची नाही. वापरली तर चालते, पण गोठलेली असताना भरली तर आतून कायमची बिघडते. महाराष्ट्रात हा प्रश्न येत नाही. स्पिती किंवा लडाखला थंडीत निघालात तर येतो. तिथे बॅटरी गाडीच्या आतल्या उबदार भागात ठेवा आणि सकाळी ऊन तापल्यावरच भरा.

तयार 'पॉवर स्टेशन' मिळतात त्यात बॅटरी, इन्व्हर्टर आणि चार्जर एकाच डब्यात असतात. नवख्या माणसाने इथूनच सुरुवात करावी. ५०० वॅट-अवरचा डबा शनिवार-रविवारला पुरतो, १००० चा दोघांच्या मोठ्या प्रवासाला. सुट्ट्या भागांची जोडणी स्वस्त पडते आणि एखादा भाग बिघडला तर तेवढाच बदलता येतो, पण त्यासाठी वायरिंगची जाण हवी. १२ व्होल्टवर १००० वॅटचा इन्व्हर्टर चालवला की वायरमधून नव्वद-शंभर अँपिअर वाहतात. घरातल्या गीझरच्या वायरमधूनही एवढा करंट जात नाही. वायर बारीक असेल तर ती तापते, वितळते, पेट घेते. बॅटरीच्या प्लस टोकापासून वीतभर अंतराच्या आत फ्यूज हवाच. तो नसेल अशी जोडणी कुणी कितीही स्वस्तात करून दिली तरी घेऊ नका.

बॅटरी भरायची कशी

सोलर पॅनलवर लिहिलेले वॅट हे प्रयोगशाळेतले असतात, पॅनलचं तापमान २५ अंश असतानाचे. आपल्याकडे दुपारी गाडीच्या टपावर पॅनल साठ अंशांच्याही वर तापतो, आणि दर अंशामागे साधारण ०.३ ते ०.४ टक्के वीज कमी होते. म्हणजे दहा-पंधरा टक्के तिथेच गेले. टपावर आडवा ठेवल्याने सूर्याकडे त्याचं तोंड नसतं, त्यात आणखी गेले. सगळं धरून १०० वॅटच्या पॅनलने स्वच्छ उन्हात दिवसाला ३५० ते ४०० वॅट-अवर दिले तर समाधान मानावं. वरच्या ४५० च्या हिशोबाला १५० ते २०० वॅटचा पॅनल लागेल. पॅनल आणि बॅटरी यांच्यामधला चार्ज कंट्रोलर 'एमपीपीटी' प्रकारचा घ्या. 'पीडब्ल्यूएम'वाला स्वस्त असतो, पण मिळालेल्या उन्हातला बराचसा भाग सोडून देतो.

गाडी उन्हात ठेवली तर पॅनल चालतो आणि गाडी सावलीत ठेवली तर माणूस झोपू शकतो, ही उन्हाळ्यातली रोजची अडचण आहे. म्हणून टपावर पक्का बसवलेला पॅनल मला सुरुवातीला पटत नाही. घडी घालता येणारा, लांब वायरचा पॅनल घ्यावा. गाडी आंब्याखाली, पॅनल मोकळ्यावर, आणि दिवसातून दोन-तीनदा उठून त्याचं तोंड सूर्याकडे वळवायचं. एवढ्यानेच उत्पन्नात चांगला फरक पडतो. पॅनलच्या एका कोपऱ्यावर पडलेली सावलीसुद्धा पुष्कळ वीज खाते, हेही लक्षात असू द्या.

पावसाळ्यात सह्याद्रीत आणि कोकणात सोलरवर अवलंबून राहूच नका. जुलैच्या ढगाखाली पाव वाटासुद्धा मिळेलच असं नाही. तेव्हा कामाला येतो गाडीचा अल्टरनेटर, म्हणजे इंजिनाबरोबर फिरून वीज तयार करणारं यंत्र. 'डीसी टू डीसी' चार्जर बसवला की इंजिन चालू असताना राहण्याची बॅटरी भरते. २० अँपिअरचा चार्जर तासाला साधारण २५० वॅट-अवर देतो. दोन तासांचा प्रवास झाला की दोघांचा दिवस वसूल. रोज थोडं तरी गाडी चालवणाऱ्याला खरं तर सोलरची गरज कमीच असते. एका जागी तीन-चार दिवस बसणाऱ्याला ती जास्त.

इंजिन सुरू करणारी गाडीची मूळ बॅटरी मात्र राहण्यासाठी वापरू नका. एका रात्रीच्या पंख्यानेही ती इतकी उतरू शकते की सकाळी गाडी सुरू होत नाही. आणि लायटरच्या सॉकेटवर साधारण १२० वॅटची मर्यादा असते, त्यावर इन्व्हर्टर लावून मिक्सर चालवायला जाऊ नका.

पाणी

वीज संपली तर अंधारात बसता येतं. पाणी संपलं तर निघावं लागतं. तरीही नव्या माणसांचा नव्वद टक्के वेळ विजेच्या चर्चेत जातो.

एका माणसाला पिण्यासाठी तीन-चार लिटर, स्वयंपाकाला दोन-तीन, भांडी आणि हात-तोंड धुवायला तीन-चार, आणि काटकसरीच्या आंघोळीला पाच ते दहा. म्हणजे दिवसाला सहज पंधरा-वीस लिटर. दोघांना दोन दिवसांचं पाणी म्हणजे ६० ते ८० किलो वजन, एक माणूसच गाडीत जास्त बसल्यासारखं. म्हणून मोठी टाकी बसवण्यापेक्षा दुकानांत मिळणारे २० लिटरचे जार दोन किंवा तीन ठेवणं सोयीचं. ते कुठल्याही तालुक्याच्या गावात भरून मिळतात, उचलता येतात आणि एक खराब झाला तरी बाकीचं पाणी वाचतं. जारवर बसणारा यूएसबीवरचा छोटा पंप घेतला की नळाची सोय झाली. वजन मात्र खाली आणि मागच्या दोन चाकांच्या पुढे असू द्या. टपावर पाणी ठेवलं तर घाटात गाडी डोलते.

आषाढी वारीची दिंडी बघा. आळंदीहून पंढरपूरला निघालेल्या दिंडीबरोबर तंबूचा ट्रक असतो, शिध्याचा असतो, आणि पाण्याचा टँकर असतो. मुक्कामाचं गाव ठरवताना पाणी हा पहिला विचार असतो. शेकडो माणसांचं फिरतं घर पिढ्यान्पिढ्या चालवणाऱ्यांकडून हा क्रम शिकण्यासारखा आहे.

ओढ्याचं किंवा किल्ल्यावरच्या टाक्याचं पाणी प्यायचं असेल तर उकळणं सगळ्यात खात्रीचं. खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट पुरतं. २००० मीटरच्या वर तीन मिनिटं उकळा, कारण उंचावर पाणी कमी तापमानालाच उकळतं. नळीसारखे छोटे गाळणी-फिल्टर मिळतात ते जंतू आणि गाळ अडवतात, पण बहुतेकांतून विषाणू पार होतात. वस्तीच्या खालच्या अंगाला असलेल्या पाण्यासाठी नुसत्या अशा फिल्टरवर विसंबू नये. गढूळ पाणी आधी फडक्यातून गाळा, मग क्लोरीनची गोळी टाका, तिच्या पाकिटावर लिहिलेला वेळ थांबा.

सांडपाण्याचाही विचार हवा. साबणाचं पाणी ओढ्यात सोडायचं नाही. पाण्यापासून साठ मीटर तरी लांब, मातीवर पसरून ओतायचं. भांडी राखेने किंवा कागदाने आधी पुसून घेतली की धुवायला एक तांब्या पुरतो.

शौचालय, ज्याबद्दल कुणी बोलत नाही

फिरत्या राहणीतून माणसं परत घरी येतात त्याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं, विशेषतः स्त्रियांच्या बाबतीत. म्हणून हा भाग मी लाजून टाळणार नाही.

सगळ्यात स्वस्त व्यवस्था म्हणजे मुक्काम असा निवडायचा की सकाळी अर्ध्या तासाच्या अंतरात पेट्रोल पंप, टोलनाका किंवा सुलभ शौचालय असेल. पेट्रोल पंपावर शौचालय, पिण्याचं पाणी आणि टायरची हवा या सोयी ग्राहकाला विनामूल्य मिळायला हव्यात. संकोच न करता मागा. रात्रीसाठी झाकणाचा डबा किंवा घडीची खुर्ची, पिशवी आणि लाकडाचा भुसा एवढं पुरतं. ओला आणि सुका भाग वेगळा राहिला की वास जवळजवळ येत नाही, आणि भुसा तेच काम करतो. १०-२० लिटर टाकीची हलवता येणारी शौचालयंही मिळतात. ती चांगली आहेत, पण दर दोन-तीन दिवसांनी खऱ्या शौचालयातच रिकामी करावी लागतात. ती शेतात किंवा नाल्यात रिकामी करणाऱ्यांमुळेच गावं पुढच्या प्रवाशाला थांबू देत नाहीत.

रानात खड्डा करायची वेळ आली तर वीतभर खोल, पाणी आणि वाटेपासून साठ मीटर दूर, आणि नंतर मातीने पूर्ण बुजवायचा. सॅनिटरी पॅड, डायपर, ओले वाइप्स हे कधीही पुरायचे नाहीत. पिशवीत बांधून परत न्यायचे.

मुक्काम कुठे

मोकळी दिसणारी जागा कुणाची ना कुणाची असतेच. राखीव वनात परवानगीशिवाय शिरणं हा १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाखाली गुन्हा आहे. अभयारण्यात १९७२ चा वन्यजीव कायदा लागतो आणि तो आणखी कडक आहे. केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या ताब्यातल्या किल्ल्यांवर तंबू ठोकता येत नाही. गोव्यात २०२२ च्या सरकारी आदेशानंतर किनाऱ्यावर उघड्यावर स्वयंपाक करणं आणि चारचाकी वाळूत नेणं याला दंड आहे. कोकणातही गाडी वाळूवर नेऊ नका. ओहोटीला टणक वाटणारी वाळू भरतीला गाडी गिळते.

मग राहायचं कुठे? सगळ्यात चांगला उपाय अगदी साधा आहे: अंधार पडायच्या आधी गावात पोचायचं आणि विचारायचं. पोलीस पाटील, सरपंच किंवा देवळाचे पुजारी, यांच्यापैकी कुणीही चालेल. "नमस्कार पाटील, आम्ही दोघं नाशिकहून आलोय. आज रात्री शाळेच्या बाजूला गाडी उभी केली तर चालेल का? सकाळी सातला निघू, कचरा सोबत नेऊ." असं सरळ सांगितलं की नकार क्वचित येतो, आणि आला तरी दुसरी जागा सुचवली जाते. पाटलांना कळवून थांबलात तर रात्री कुणी काचेवर टकटक केली तरी ती बहुधा चौकशीचीच असते. न सांगता आडबाजूला थांबलेल्या गाडीविषयी गावाला संशय येणं स्वाभाविक आहे, त्यात गावाची चूक नाही.

याशिवाय कृषी पर्यटन केंद्रं, धरणाच्या बाजूची खासगी शिबिरं, भक्तनिवासांची आवारं आहेत. शेगावसारख्या संस्थानात तर स्वच्छ खोली, आंघोळ आणि प्रसाद मिळतो. तीन-चार रात्री गाडीत काढल्यावर एक रात्र अशा ठिकाणी घ्यावी. कपडे धुतले जातात, बॅटरी भरते, पाठ सरळ होते. महामार्गाच्या कडेला झोपायचं मात्र नाही, द्रुतगती मार्गावर तर मुळीच नाही. ट्रक थांबतात तो आखलेला तळ किंवा चालकांनी भरलेला ढाबा बरा. राष्ट्रीय महामार्गावर मदतीला १०३३ आणि कुठेही आणीबाणीत ११२ हे क्रमांक पाठ असू द्या.

परदेशातल्या नातेवाइकांनी आणलेलं उपग्रहावर संदेश पाठवणारं यंत्र किंवा सॅटेलाइट फोन भारतात परवान्याशिवाय बाळगू नका. विमानतळावर अशा यंत्रांमुळे लोक ताब्यात घेतले गेले आहेत. लडाख आणि जम्मू-काश्मीरमध्ये बाहेरच्या राज्यांचं प्रीपेड सिम चालत नाही, म्हणून एक तरी पोस्टपेड जोडणी सोबत हवी.

गॅस, आणि एक न मोडायचा नियम

बंद गाडीत शेगडी, शेकोटीची पाटी किंवा कोळसा कधीही पेटवायचा नाही. बंद गॅरेजमध्ये किंवा गाडी भिंतीला लागून उभी असताना इंजिन चालू ठेवून एसीत झोपायचं नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो, खोकला येत नाही. डोकं जड होतं, झोप येते आणि माणूस उठत नाही. दरवर्षी थंडीत अशा बातम्या येतात. काचा खाली असल्या तरी स्वयंपाक बाहेर करा, आणि कार्बन मोनॉक्साइडची सूचना देणारं बॅटरीवरचं छोटं यंत्र आत लावा.

दोघांना आठवड्याभरासाठी २३० ग्रॅमचे ब्युटेनचे डबे सोयीचे पडतात. पण ब्युटेन शून्य अंशाच्या आसपास द्रवच राहतो, म्हणून हिमालयाच्या थंडीत शेगडी पेटत नाही. लांबच्या प्रवासाला पाच किलोचा छोटा सिलिंडर बरा. तो पत्त्याच्या पुराव्याशिवाय, नुसत्या ओळखपत्रावर मिळतो. रेल्वेने जाणार असाल तर गॅसचा कुठलाही डबा सोबत नेता येत नाही, तो मुक्कामी पोचल्यावरच घ्या.

गॅस वाचवायचा तर दोन लिटरचा कुकर न्या. आणि रोज चूल पेटलीच पाहिजे असंही नाही. सातूचं पीठ, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, दडपे पोहे यांवर एक वेळ मजेत निघते. प्रवासाचं खाणं आपल्या आज्यांनी फ्रिज यायच्या कितीतरी आधी सोडवून ठेवलेलं आहे.

ऋतू पाहून जागा बदलायची

एसीचा हिशोब जमत नाही असं वर म्हटलं. त्याचं उत्तर उंचीत आहे. दर हजार मीटरला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं. मे महिन्यात अकोल्यात गाडीत झोपणं अशक्य असतं, पण चिखलदरा १००० मीटरच्या वर आहे. खानदेशातल्यांना तोरणमाळ आहे, पश्चिम महाराष्ट्राला महाबळेश्वर १३५० मीटरच्या आसपास. उन्हाळ्यात वर, हिवाळ्यात कोकण किंवा देशावर, आणि मुसळधार पावसात घाटाच्या पूर्वेला पर्जन्यछायेत. धनगर हेच करतात: दिवाळीच्या सुमाराला मेंढरं आणि घोड्यावरचं बिऱ्हाड घेऊन घाट उतरतात, कोकणात राहतात, आणि पावसाच्या तोंडावर परत देशावर येतात. हवामानाशी भांडणारी यंत्रं गाडीत भरण्यापेक्षा हे शहाणपण पुष्कळ हलकं आहे.

उष्णतेपेक्षा कमी बोललं जातं ते दमटपणाबद्दल. दोन माणसांच्या श्वासातून रात्रभरात बरीच वाफ निघते आणि बंद काचांवर पाणी धरतं. गादीला बुरशी लागते. म्हणून समोरासमोरच्या दोन काचा बोट-दोन बोटं उघड्या हव्यात, त्यावर चुंबकाने लागणारी मच्छरदाणी आणि पावसासाठी दारांवर व्हायझर.

आता गाडी

गाडी नसेल तर पाठीवरच्या पिशवीपासून सुरुवात करा. एसटीचा 'आवडेल तेथे प्रवास' हा चार किंवा सात दिवसांचा पास, दोन-तीन किलोचा तंबू, २०,००० एमएएचची पॉवर बँक. एवढ्यात राज्यभर फिरता येतं, आणि कमी सामानात आपलं कसं चालतं हे कळतं. ही पॉवर बँक ७४ वॅट-अवरची असते. विमानात १०० पर्यंत परवानगी न घेता चालते, पण हातातल्या बॅगेतच ठेवावी लागते.

गाडी असेल तर मागचं आसन दुमडून डोकं ते पाय मोजा. सहा फूट सपाट जागा मिळाली तर काम झालं. अर्टिगासारख्या गाडीत मागच्या दोन्ही रांगा पाडून, किंवा पाच आसनी इकोत मागच्या मोकळ्या जागेत प्लायवूडची पेटी ठेवून वर गादी टाकता येते. पेटी स्क्रूने पत्र्यात ठोकू नका, पट्ट्याने बांधा. सोमवारी काढून ठेवली की गाडी पुन्हा घरची. माझा आग्रह आहे की पहिलं वर्ष याच पायरीवर काढावं.

गाडीचं रूपच बदलायचं असेल तर कायदा आडवा येतो. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानुसार, आरसीवर नोंदवलेल्या तपशिलांपेक्षा गाडी वेगळी होईल असा बदल परस्पर करता येत नाही, आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे कलम कडकपणे वाचलं. आसनं कायमची काढणं, टप उंच करणं, मालवाहू टेम्पोत माणसं झोपवणं, या सगळ्याला आरटीओची मान्यता लागते. विमा कंपनीला न कळवता केलेल्या बदलानंतर अपघात झाला तर दावा अडकू शकतो. म्हणून पूर्ण कारव्हॅन हवी असेल तर मान्यता मिळालेल्या कारखान्यातूनच बांधून घ्या आणि पैसे देण्याआधी आरसीवर वाहनाचा प्रकार काय लिहिला जाणार, हे लेखी घ्या.

त्याआधी एकदा भाड्याने घेऊन बघा. महाराष्ट्राने २०२१ मध्ये कारव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं आणि अशा गाड्या आता भाड्याने मिळतात, बहुतेक चालकासकट. बुक करताना तीन गोष्टी विचारा: बाहेरच्या विजेशिवाय किंवा जनरेटरशिवाय एसी किती तास चालतो, पाण्याची टाकी किती लिटरची आहे आणि शौचालयाची टाकी कुठे रिकामी करतात. उत्तर देणारा अडखळला तर ती गाडी घेऊ नका.

आणि पहिली रात्र लांब कुठे काढू नका. एखाद्या नातेवाइकाच्या शेतात किंवा सोसायटीच्या आवारात, घराचा संडास हाकेच्या अंतरावर असताना, शुक्रवारी रात्री झोपा आणि रविवारपर्यंत गाडीबाहेरची वीज-पाणी वापरू नका. जार किती रिकामा झाला, बॅटरी किती टक्क्यांवर आली, रात्री कितीदा उठावं लागलं आणि कशासाठी, हे वहीत लिहा. दुसऱ्या शनिवारी हाच प्रयोग वेगळ्या हवेत करा. मग वही घेऊन दुकानात जा आणि त्यात लिहिलंय तेवढंच विकत घ्या.